बट्टा, मोड, लिलाव : जुन्या वस्तूंच्या बाजारातील शब्दांचा इतिहास

जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीच्या समूहांत एक जाहिरात थोड्याफार फरकाने वारंवार दिसते. ‘शिवकालीन अस्सल शिवराई. अतिदुर्मीळ. गडाच्या पायथ्याशी सापडलेली. चकचकीत, स्वच्छ केलेली.’ मजकूर जेमतेम दोन ओळींचा. परंतु त्यातील प्रत्येक शब्द या बाजारात विशिष्ट अर्थाने वापरला जातो आणि त्या अर्थामागे इतिहास असतो. चारांपैकी तीन दावे बहुधा चुकीचे निघतात. चौथा खरा निघाला, तर विकणारा कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. आजचा धागा या शब्दांविषयी.

प्रथम ‘शिवकालीन’. शिवराई हे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे कडे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणे सुरू झाले, हे सर्वज्ञात आहे. त्यापुढचा भाग मात्र जाहिरात लिहिणाऱ्यांना सोयीस्करपणे विसरावासा वाटतो. महाराजांच्या पश्चात त्यांच्या वारसांनी तीच अक्षरे, तेच नाव कायम ठेवून शिवराई पाडणे चालू ठेवले. पेशवाईत तर टांकसाळी चालविण्याचे परवाने खासगी व्यक्तींनाही दिले जात. ठसे कोरणारे हात निरनिराळे, काहींना अक्षरओळख बेताची. म्हणून कुठे ‘सिव’, कुठे ‘पती’, कुठे उलटे उमटलेले अक्षर. एकोणिसाव्या शतकातही हे नाणे खेड्यापाड्यांच्या व्यवहारात फिरत होते.

तात्पर्य, ‘शिवराई’ हे नाण्याच्या प्रकाराचे नाव आहे. ते कोणत्या राजाच्या कारकिर्दीत पडले, हे त्या नावावरून ठरत नाही. आज बाजारात हाती येणाऱ्या बहुसंख्य शिवराया अठराव्या शतकातील किंवा त्याही नंतरच्या असतात. ‘दुदांडी’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार, ज्यात मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात, तो उत्तरकालीनच समजला जातो. नाणे कोणाचे आणि कधीचे हे अक्षरांचे वळण, वजन, कड्याची घडण यांवरून ठरविणे, यास अभ्यासक कालनिश्चिती म्हणतात. विक्रेत्याच्या दृष्टीने मात्र ‘शिवकालीन’ हा कालवाचक शब्द नव्हे, भाववाचक आहे.

‘अतिदुर्मीळ’ शब्दाचेही तसेच. जे नाणे शंभर-सव्वाशे वर्षे अनेक टांकसाळींतून अखंड पडत राहिले, ते दुर्मीळ कसे असेल? दुर्मीळ आहे तो महाराजांचा सोन्याचा होन. ज्यांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत एकमत आहे, असे होन अगदी मोजके. म्हणूनच त्याच्या नकला उदंड.

येथे तीन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. प्रतिकृती म्हणजे मुळाबरहुकूम नव्याने घडविलेली वस्तू, आणि ‘ही नवी आहे’ हे विकताना सांगितलेले असते. बनावट म्हणजे तीच वस्तू, फक्त ते सांगणे वगळून. दोन्हींत धातूचा, साच्याचा, कारागिरीचा काडीइतकाही फरक नसू शकतो. शिवजयंतीला स्मरणचिन्ह म्हणून वाटलेला मुलाम्याचा होन पाच-दहा वर्षांत दोन-चार हातांतून फिरला की त्याबरोबरची चिठ्ठी गळून पडते आणि प्रतिकृतीची बनावट होते; कोणी एकाने ठरवून फसविलेच पाहिजे असे नाही. याच कारणाने अमेरिकेने १९७३ मध्ये कायदा करून नाण्यांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द प्रत्यक्ष कोरणे बंधनकारक केले. चिठ्ठी हरवते, कोरलेले सहसा हरवत नाही.

तिसरा शब्द ‘रीस्ट्राइक’, म्हणजे पुनर्मुद्रण. हा प्रकार मोठा फसवा. नाणे सरकारी टांकसाळीतच पडलेले, ठसा अधिकृत. मात्र नाण्यावरील सालानंतर कित्येक वर्षांनी, संग्राहकांची हौस भागविण्यासाठी पाडलेले. ब्रिटिशकालीन भारतीय नाण्यांची अशी पुनर्मुद्रणे सरकारी टांकसाळींनीच केली आहेत. ते खोटे म्हणता येत नाही आणि त्या सालाचेही म्हणता येत नाही.

एकावर एक ठसा, हा याहून निराळा आणि इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचा प्रकार. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरून सातवाहनांचा ठसा. नहपानाच्या राज्याचा शेवट कोणी केला, याचे इतके रोखठोक उत्तर शिलालेखांतही क्वचित मिळते. संग्राहकांच्या भाषेत हे ‘ओव्हरस्ट्राइक’.

आता कल्पना करा : हाच साठा शेतातून निघाल्यावर गुपचूप फुटला असता, दहा-दहा, वीस-वीस नाणी सराफांकडे गेली असती, काही वितळली असती. ठसा असलेली एखाददुसरी नाणी पुढे संग्रहात आलीही असती. परंतु एकत्र सापडलेल्या तेरा हजारांपैकी दोनतृतीयांशांवर नवा ठसा आहे आणि एकतृतीयांशावर नाही, हे कोणालाही कळले नसते. साठ्याचा पुरावा साठ्यात असतो, सुट्या नाण्यांत नव्हे. बाजाराला नेमकी उलटी सवय : साठा फोडून नाणी सुटी विकली तरच नफा.

यावरून ‘गडाच्या पायथ्याशी सापडलेली’ या शब्दांकडे येऊ. विक्रेता ते वस्तूचा मान वाढविण्यासाठी लिहितो. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, मात्र जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंना ‘ट्रेझर’ म्हणतो. सापडलेल्या धनाची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर काय सापडले, कुठे, कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे सापडविणाऱ्यावर बंधनकारक आहे. हा दहा रुपयांचा आकडा १८७८ चा. शिवाय गड संरक्षित स्मारक असेल, तर तेथे उकरणे हा वेगळाच गुन्हा. जाहिरातीतील ते वाक्य खरे असेल तर तो कबुलीजबाब ठरतो. खोटे असेल तर फसवणूक.

त्याच कायद्यातील आणखी एक कलम मला फार बोलके वाटते. सरकारला ते धन स्वतःकडे ठेवायचे असेल तर मोबदला काय द्यावा? धातूची किंमत, अधिक तिचा एकपंचमांश. म्हणजे नाण्यातील इतिहासाचे मोल धातूच्या वीस टक्के! हसू येते खरे; तथापि त्या काळच्या बाजारात इतिहासाला वीस टक्के तरी कोण देत होते?

त्या बाजाराचा खरा शब्द होता ‘मोड’. जुनी समई, फुटका गडू, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला पंचपाळा यांचा भाव तराजूवर ठरे. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार तिथला. भरजरी जुनी पैठणी विटली की जरीवाला ती घेऊन जाई, जाळी, आणि राखेतून सोनेचांदी वेगळी काढी. विणकराच्या हाताला त्यात शून्य किंमत. कागदांची गत आणखी वाईट. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमवीत होते, तेव्हा वाड्यांतील मोडी लिपीतील दप्तरांचा एक मोठा शत्रू वाळवी होती आणि दुसरा रद्दीचा तराजू. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये पुण्यात स्थापन झाले ते या पार्श्वभूमीवर. ‘मोडी’ लिपी आणि ‘मोड’ या शब्दांतील साम्य मात्र कटू आहे.

मग वस्तूच्या अवस्थेवर किंमत ठरविण्याची पद्धत आली कोठून? पाश्चात्त्य संग्राहकांनी ती आणली, हे उत्तर अर्धेच. आपल्याकडे ‘बट्टा’ होता.

अठराव्या शतकातील दख्खनच्या बाजारपेठेत एक रुपया कधीच नुसता ‘एक रुपया’ नसे. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिवाय सुरती आणि इतर कितीतरी. प्रत्येकाची चांदी निराळी, वजन निराळे, झीज निराळी. अशा परिस्थितीत वसुलीचा भरणा करताना किंवा हुंडी वटविताना सराफ रुपया उलटसुलट पाही, वाजवी, प्रसंगी त्यावर बारीकसा ठसा मारून आतली चांदी तपाशी आणि त्या त्या नाण्यावर ठरावीक कपात लावी. ती कपात म्हणजे बट्टा. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदाराकडे असे. आज ते आडनाव म्हणून उरले आहे. सराफांनी तपासणीसाठी मारलेले ते बारीक ठसे जुन्या रुपयांवर अजूनही दिसतात. आजचा संग्राहक त्यांना दोष मानून किंमत पाडतो. मला विचाराल तर ते त्या नाण्याचे प्रवासवर्णन आहे. ज्या रुपयावर पाच सराफांचे ठसे आहेत तो रुपया पाच पेढ्यांवर खरा ठरलेला असतो.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखांसाठी एकसारखा रुपया आणला. जुन्या रुपयांची चलती त्यानंतर हळूहळू ओसरली आणि बट्ट्याच्या धंद्याचा पायाच खचला. शब्द मात्र नाण्यावरून माणसावर गेला : नावाला बट्टा लागतो तो त्या सराफी बट्ट्याचाच.

नाण्याच्या झिजेवरून किंमत ठरविण्याची आजची पद्धत १९४९ ची. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० असे गुण ठरविले. कल्पना साधी होती : जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १, निर्दोष नाण्याला ७०, आणि सत्तरच्या नाण्याची किंमत एकच्या नाण्याच्या सत्तरपट. किमतींचे हे गणित काही वर्षांतच कोलमडले, पण आकडे टिकले. १९८० च्या दशकात अमेरिकेत खासगी कंपन्या नाण्यांना असे गुण देऊन ती प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालू लागल्या. ती डबी म्हणजे ‘स्लॅब’. आता शिवराईसुद्धा स्लॅबमध्ये विकली जाते.

शेल्डनची कथा येथे संपत नाही. १९७७ मध्ये तो वारल्यानंतर उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याने त्याच प्रकारची हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती. नाण्यांचा दर्जा ठरविणारी मोजपट्टी ज्याने जगाला दिली, त्याची स्वतःची चोरी दर्जातील फरकावरच चालली होती.

‘चकचकीत, स्वच्छ केलेली’ हा तर संग्राहकाच्या काळजाला घरे पाडणारा शब्द. आपल्याकडे तांब्यापितळेला चिंच लावून घासणे हा घरंदाजपणाचा भाग. सणाच्या आदल्या दिवशी उपकरणी लख्ख झाली नाहीत तर सासूबाईंची नजर पुरेशी असे. भांड्याला ते योग्यच. नाण्याला लावलेली चिंच मात्र त्याची शतकानुशतकांची त्वचा सोलून काढते. तांब्यावर कालांतराने जो तपकिरी, काळपट किंवा हिरवट थर घट्ट बसतो त्यास ‘पॅटिना’ म्हणतात. तो खालच्या धातूला आणि अक्षरांना जपतो आणि वय सांगतो. त्याची नक्कल करणे सोपे नसते. हा थर आणि पावडरीसारखी सुटणारी फिकट हिरवी बुरशीवजा झीज यांत मात्र गल्लत करू नये. दुसरा प्रकार खरोखर रोग आहे. क्षार आणि दमट हवा मिळाली की तो धातू पोखरत जातो. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. घरच्या घरी लिंबू, चिंच, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

‘अँटिक’ म्हणजे किती जुने? कायदे आकडा मागतात. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीच्या कलावस्तूंना आयातकर माफ केला. पुढे तेथे सरसकट शंभर वर्षांची अट आली, आणि ‘शंभर वर्षे म्हणजे अँटिक’ हा जगभरचा संकेत होण्यास या जकातीच्या नियमाने मोठा हातभार लावला. आपला १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदाही सर्वसाधारण शंभर वर्षे मानतो. वैज्ञानिक, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखितांना पंचाहत्तर पुरतात. पुरावशेषांचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘व्हिंटेज’ला असे कोणतेही कायदेशीर बळ नाही. तो शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. आता जुन्या रेडिओपासून मामाच्या घड्याळापर्यंत कशालाही चालतो.

राहिला ‘लिलाव’. हा शब्दच जुन्या वस्तूसारखा हात बदलत आपल्याकडे आला : पोर्तुगीज ‘लेलाँव’वरून, बहुधा गोवा-कोकणमार्गे, पाव, बटाटा, चावी यांच्या सोबतीने. पोर्तुगीजांनी तो अरबीतून घेतला असे व्युत्पत्तिकार मानतात. लिलाव म्हणजे भाव चारचौघांत मोठ्याने बोलणे. आपल्या बाजारांत याच्या नेमकी विरुद्ध अशी ‘हत्ता’ पद्धतही होती : दोघांचे हात रुमालाखाली, बोटांच्या दाबावर सौदा, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळू नये. जुन्या वस्तूंचा बाजार आजही या दोन टोकांमध्ये हेलकावतो. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा आधुनिक रुमालच होय.

लिलावाच्या यादीत छापलेली अंदाजित किंमत, विक्रेत्याने मनात ठेवलेली राखीव किंमत आणि हातोडा पडताना बोललेली अखेरची किंमत या तीन वेगळ्या गोष्टी. शेवटच्या बोलीवर खरेदीदाराकडून लिलावगृह आपले अधिशुल्क घेते ते निराळेच. म्हणून ‘अमुक वस्तू इतक्याला गेली’ ही बातमी वाचताना आकड्यात हे शुल्क धरले आहे का, हे पाहावे.

या साऱ्यांवर मात करणारा शब्द म्हणजे ‘प्रोव्हनन्स’. मराठीत मालकीपरंपरा म्हणता येईल : वस्तू कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कशी गेली याची साखळी. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या सोदबीज लिलावातून पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळविली. पाते युरोपीय धाटणीचे, म्हणून ‘फिरंग’. त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहिबसुभा’ हा किताब. येथे वस्तू स्वतःच आपल्या धन्याचे नाव सांगते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी आलेल्या वाघनखांचे तसे नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली आणि सोबतच्या पेटीवरील मजकूर त्यांचा संबंध शिवछत्रपतींशी जोडतो. ग्रँट डफपासून पुढची साखळी पक्की आहे. १६५९ पासून ग्रँट डफपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांचा दुवा कागदावर नाही, आणि म्हणूनच हीच ती वाघनखे हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः नमूद करते. काहींना हा अपमान वाटला. मला ते प्रामाणिक संग्रहालयाचे लक्षण वाटते.

साखळी खोटी बनवली तर काय घडते, याचे उदाहरण तमिळनाडूतील श्रीपुरंथान गावच्या मंदिरातील नटराजाचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ती चोळकालीन कांस्यमूर्ती न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून ५० लाख अमेरिकी डॉलरला घेतली. मूर्ती १९७० च्या सुमारासच भारताबाहेर गेली, असे कागदपत्रे सांगत होती. हे साल मुद्दाम निवडलेले : सांस्कृतिक वारशाच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे. परंतु पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचे मंदिरातील छायाचित्र निघाले, आणि ते होते १९९४ चे. कागद एक बोलत होता, छायाचित्र दुसरे. सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. गावोगावच्या मंदिरांतील मूर्तींची साधी, कृष्णधवल छायाचित्रे काढून ठेवणाऱ्या त्या संस्थेच्या छायाचित्रकारांना हे काम पुढे असे उपयोगी पडेल याची कल्पनाही नसेल.

तुमच्या आजोळच्या देवघरात जुना टाक, समई किंवा डब्यात चार शिवराया असतील, तर विक्रीचा विचार नसला तरी एक करा. स्वच्छ उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या, वजन नोंदवा, आणि ती वस्तू घरात कोणी, कुठून आणली याविषयी आजीला जे आठवते ते तिच्या शब्दांत, आजच्या तारखेसह लिहून त्याच डब्यात ठेवा.

पुढील धागा अंकुशी आणि चांदवडी रुपयांच्या खुणांविषयी असेल.